वगळलेल्या आवाजांची यादी

आमच्या केंद्रावरचे किस्से म्हणजे आमच्या कपाटातल्या वायरी. एक ओढायला जावं तर चार गुंतून बाहेर येतात, आणि परत आत ढकलल्या तर दार लागत नाही! लग्नात, बारशात कोणी भेटलं की विचारतात, "काय मग, सापडला का विश्वाचा जन्म?" मी एक सांगते, त्यावरून दुसरा आठवतो, आणि तोवर वाढपी ताटं उचलायला लागतात. बरेचसे हसण्यासारखे आहेत. काही सांगताना मी पंख्याचा वेग कमी करते, उगाच. आणि एक मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

आधी माणसं सांगते. दिघीच्या खाडीला लागून जांभ्याचं एक टेकाड आहे, त्यावर आमचं केंद्र. केंद्र म्हणजे चार खोल्या, एक झोपाळा आणि जमिनीत पुरलेली तीसेक यंत्रं. नेने सर प्रमुख. केतकी वर्ध्याहून पीएच.डी. करायला आलेली. मी मोकल, मूळची पेणची, यंत्रं चालू ठेवायचं माझं काम. आणि वनिता. ती चहा, जेवण, साफसफाई सगळं बघायची. तिचा नवरा धर्मा खालच्या कोळीवाड्यातला तांडेल, म्हणजे बोट चालवणारा. बोट त्यांची स्वतःची, नाव 'गौराई'.

आता काम. विश्व जन्मलं तेव्हा पहिली काही लाख वर्षं सगळीकडे इतकी दाटी होती, की प्रकाशालासुद्धा बाहेर पडायला वाट नव्हती. त्यामुळे दुर्बिणीने कितीही लांब बघा, त्या काळाच्या अलीकडेच नजर अडते. पण गुरुत्वलहरींना दाटी अडवत नाही. त्या म्हणजे अवकाशाचीच थरथर. त्या पहिल्या क्षणांत विश्व किती तापलेलं होतं, त्याला उकळी फुटली होती का, हे त्या थरथरीत अजून शिल्लक असणार. फक्त ती इतकी बारीक, की तिच्यापुढे मुंगीचं चालणं म्हणजे बँडबाजा!

ती पकडणारी मोठी यंत्रं दुसरीकडे आहेत. आमच्याकडे काम वजाबाकीचं. जमीन ज्या ज्या कारणाने हलते, ते प्रत्येक कारण ओळखायचं आणि संगणकाला शिकवून नोंदीतून काढून टाकायचं. समुद्र काढायचा, फेरीबोट काढायची, ट्रक काढायचे. सगळं ओळखीचं काढल्यावर जे उरेल, त्यात कधीतरी ते जुनं काही असेल. "आपल्या हयातीत नसेलही," असं सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते. नोकरीच्या पहिल्या दिवशी असं सांगणारा साहेब मी दुसरा पाहिला नाही.

०

केंद्र सुरू होताना सरांनी गावात सभा घेतली. सर मूळचे श्रीवर्धनचे, बोलायला बसले की घड्याळ काढून ठेवणारे. तासभर त्यांनी विश्वाचा जन्म समजावला. दूध उतू जातं तसं विश्व फुगलं, बुडबुडे एकमेकांवर आपटले, त्याचा हादरा अजून घुमतोय, वगैरे.

मागे एक म्हातारी बसली होती. नव्वदीची तरी असेल. सगळ्या वाडीची सुईण, असं नंतर कळलं. ती हात वर करून म्हणाली, "मास्तर, बालाचा आवाज अजून येतंय बोलता?"

"हो आजी, अजून."

"आनि आयशीचा?"

"आई नाही आजी. विश्वाला आई नसते."

म्हातारी उठली, पदर झटकला. "मंग ता रडतंय कुनासाठी?"

सभा तिथेच संपली. सरांनी नंतर कितीतरी भाषणं दिली, पण उकळीचं उदाहरण देऊन झालं की ते पाणी प्यायचे, आणि मागच्या रांगेकडे एकदा बघून घ्यायचे.

०

आमच्याकडे एक नियम आहे. पाहिल्याशिवाय नाव नाही. नोंदीत एखादी थरथर दिसली की कुणीतरी जाऊन तिचं कारण डोळ्यांनी बघायचं, वहीत सही करायची, तेव्हाच तिला नाव मिळतं. अंदाजाने काही लिहायचं नाही. नियम सरांचा, आणि त्यांना त्याचा फार अभिमान.

तर रोज सकाळी सव्वाअकराच्या सुमारास एक संथ हेलकावा उमटायला लागला. वीस मिनिटं चालायचा, मग बंद. सरांनी तीन आठवडे घातले. भरतीचं वेळापत्रक तपासलं, बंदरातल्या क्रेनची चौकशी केली. "हे काहीतरी खोलवरचं आहे," म्हणाले. तेही आवाज खाली आणून.

एक दिवस मी सव्वाअकराला त्यांना काही विचारायला मागच्या पडवीत गेले. सर झोपाळ्यावर बसून त्याच हेलकाव्याचे आलेख बघत होते. पायाने झोका देत!

मी तशीच आत आले, वही काढली आणि लिहिलं: "कारण: प्रमुख. पाहिले." खाली सही ठोकली. सरांनी त्यावर प्रतिस्वाक्षरी केली, आणि झोपाळा दिवसा वापरायचा नाही असा लेखी आदेश स्वतःलाच काढला.

०

बोटींचं प्रकरण मात्र आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. खाडीत शिरणाऱ्या प्रत्येक बोटीचं इंजिन जमीन हलवतं, आणि प्रत्येकाची थरथर वेगळी. वाडीच्या बोटी सव्वीस. केतकी बिचारी दुर्बीण घेऊन खिडकीत बसायची.

चारच्या चहाला आमच्याकडे एक रिवाज होता. दिवसभराचं काढून टाकून जे उरायचं, ते स्पीकरवर लावायचं. थरथर कानाला ऐकू येईल इतकी उंच करून. एरवी नुसती फुसफूस. एकदा केतकी चुकून न गाळलेली नोंद लावून बसली, आणि चहा ओतता ओतता वनिता म्हणाली, "ही कमळाबायची बोट. मागनं चिंतामनीची आली. ही आमची, गौराई."

केतकीने नोंद थांबवली.

"अगं, पण आवाज आम्ही चौपट उंच केलाय!" सर म्हणाले.

"व्हय, बारीक आवाजात बोलतात. पन त्याच हायत ना?"

पुढच्या आठ दिवसांत वनिताने सव्वीसच्या सव्वीस बोटी सांगितल्या. केतकीने खिडकीतून ताडून बघितल्या, एकही चूक नाही. वहीत प्रत्येकीपुढे वनिताची सही. गौराईपुढे सही करताना ती लाजली, हे मी पाहिलंय.

सगळ्या बोटी संगणकाला शिकवून झाल्या तेव्हा तिने विचारलं, "आता काढून टाकल्या म्हंजे आवाज गेला कुठं?"

"कुठे नाही. गेला," सर म्हणाले.

"असं कसं? मी कचरा काढते तर तो कुठंतरी टाकावाच लागतो."

मग केतकीने त्या दिवसापासून संगणकाला एक यादी करायला लावली. रोज काय काय काढलं आणि किती वाजता, त्याची. ही यादी रोज आपोआप तयार व्हायची आणि आपणहून कुणी वाचायचं नाही. वनिता मात्र मधूनच विचारायची, "आज आमची यादीत गेली का?" गेली म्हटलं की मासळीची पाटी घ्यायची आणि धक्क्याकडे निघायची.

०

एक मोठे शास्त्रज्ञ पाहुणे आले होते. नाव सांगत नाही, तुम्ही पेपरात वाचलं असेल. त्यांना उरलेलं ऐकायचं होतं, तेही थेट, तळघरातल्या मुख्य यंत्राजवळ बसून. कानाला हेडफोन लावून साहेब दगडी कट्ट्यावर बसले.

दहा मिनिटांनी वर आले ते घामाघूम. सरांना बाजूला घेऊन म्हणाले, "नेने, खाली कोणीतरी आहे."

"म्हणजे?"

"ठोका येतोय. एक, दोन, एक, दोन. मी श्वास रोखला की तोही दबकतो. आणि मध्येच एक ठोका गाळतो."

मी खाली गेले, कट्ट्यावर बसले, हेडफोन लावला. ठोका होता. पण गाळत नव्हता. उठले, ठोका बंद. परत बसले, ठोका सुरू.

साहेब यंत्राच्याच कट्ट्यावर बसून स्वतःचं हृदय ऐकत होते! सगळे हसलो. मी हसता हसता थांबले, कारण माझा ठोका गळत नव्हता आणि त्यांचा गळत होता. त्याच संध्याकाळी आम्ही त्यांना गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं, आणि डॉक्टर म्हणाले, "आठवडा उशीर केला असता तर तुम्ही मला भेटला नसता."

अजून दर मेमध्ये त्यांच्याकडून आंब्याची पेटी येते. वहीत त्या दिवशीची नोंद माझ्या अक्षरात आहे, आणि ती मी फार जपून लिहिली होती.

०

आणि केतकीचा आनंदाचा दिवस! तो तर सांगायलाच हवा.

जुनी थरथर खरी असेल तर ती दोन लांबलांबच्या ठिकाणी सारखीच उमटायला हवी. आपल्या अंगणातला ट्रक दुसऱ्याच्या अंगणात दिसत नाही, विश्वाचा जन्म दोन्हीकडे दिसेल. म्हणून दुसऱ्या राज्यातल्या एका केंद्राची नोंद मागवून आपल्या नोंदीशी जुळवायची, हे केतकीचं काम. रोज जुळवायची, रोज काही जुळायचं नाही.

एका दुपारी ती ओरडलीच, "सर! जुळतंय!"

खरंच जुळत होतं. इकडची प्रत्येक बारीक लहर तिकडे, जशीच्या तशी. सर खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. घरी फोन लावून बायकोला म्हणाले, "ऐक, सापडलं." वनिताने देवापुढे साखर ठेवली.

मला मात्र शंका येत होती. इतकं सारखं? मी फाईलचं नाव नीट बघितलं. केतकीने घाईत आपलीच नोंद दुसऱ्या केंद्राच्या नावाने उतरवली होती. आम्ही तासभर आरशात बघून नाचत होतो!

केतकी रडली. सरांनी तिला समजावलं, बायकोला पुन्हा फोन केला, "तेवढं कुणाला बोलू नकोस." सगळं निवळल्यावर गंमत म्हणून केतकीने एका नोंदीतून दुसरी वजा केली. स्वतःतून स्वतः काढल्यावर शून्य यायला हवं. शून्यच आलं, सबंध दिवसभराचं. फक्त चार वाजण्याच्या सुमाराला अकरा सेकंद काहीतरी उरलं.

"फाईल उतरवताना बिघडली असेल नं, ताई," केतकी म्हणाली.

असेल.

०

पुढचं सांगताना मला हसू येत नाही.

दिवाळीनंतरची गोष्ट. हवा स्वच्छ, आभाळ निळं. पहाटे बोटी बाहेर पडल्या. दुपारपर्यंत सगळ्यांच्या फोनवर वादळाचे इशारे यायला लागले, पण समुद्रात आत गेलेल्यांच्या फोनला रेंज कुठली? संध्याकाळपर्यंत पंचवीस बोटी परतल्या. गौराई आली नाही. तिच्यावरचे दोन खलाशी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बोटीने उचलून आणले, जाळ्याच्या तरंगत्या बोयांना धरून रात्र काढलेले. त्यांनी सांगितलं, लाट आडवी आली, बोट उलटली आणि डोळ्यांदेखत तळाला गेली. धर्मा सुकाणूवर होता.

तिसऱ्या दिवशी मी सहज जुनी, न गाळलेली नोंद उघडली. लांबवरचं वादळ वारा पोचायच्या आधी लाटांतून जमिनीला कळतं. आमच्या यंत्रांना आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. समुद्राची थरथर रात्रभर वाढत गेली होती, पहाटे बोटी निघाल्या तेव्हा ती नेहमीच्या तिप्पट होती.

आमच्यापैकी कुणीच ती पाहिली नाही. कारण आमचा संगणक सगळ्यात आधी जे काढून टाकतो, तो समुद्र. आम्ही समुद्राच्या काठावर बसून समुद्रच वगळला होता. त्या दिवशीचा आमचा आलेख इतका सुरेख सपाट होता, की केतकीने तो फळ्यावर चिकटवला होता.

मी तो काढला आणि फाडला. सरांनी त्याच दिवसापासून गाळण्याआधीची समुद्राची नोंद दर तासाला वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवायला सुरुवात केली, ती अजून जाते. पण मला लाज वाटते ती वाटतेच. वनिता आठ दिवसांनी कामावर आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुमी काय मुद्दाम केलंत का ताय?" आणि भांडी घासायला बसली. तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

०

महिना गेला, दोन गेले. धर्मा सापडला नव्हता. वनिताचा भाऊ रोज येऊन तिला समजवायचा. देह मिळत नाही तेव्हा दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, मग पुढचे दिवस होतात. सगळी वाडी म्हणत होती, आता करून टाकू, त्याला असं लटकत ठेवू नये. वनिता ऐकायची नाही. बुडाली ती बोट बुडाली, माणूस कुठंतरी लागला असेल, हे तिचं एकच म्हणणं. ती कुंकू लावून कामावर यायची, आणि वाडीतल्या बायका तिच्याशी बोलताना दुसरीकडे बघायच्या.

अशात केतकीने प्रबंधाच्या शेवटी जोडायला म्हणून ती वगळलेल्यांची यादी वादळानंतर प्रथमच उघडली. मला हाक मारली. तिचा आवाज ऐकून मी हातातलं सोल्डरिंग आयर्न तसंच ठेवून धावले.

यादीत लिहिलं होतं: गौराई. आगमन. वगळली.

काल. परवा. त्याच्या आदल्या दिवशी. वादळानंतर दहाव्या दिवसापासून रोज.

"प्रोग्राम अडकलाय," मी म्हटलं. "जुनंच परत परत छापतोय."

"ताई, वेळा बघा नं." वेळ रोज पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढे सरकत होती. भरतीप्रमाणे. आमच्या खाडीत गाळ इतका, की बोटी भरतीलाच आत येतात. पण संगणकाला आम्ही भरती शिकवलेलीच नव्हती.

सर आले. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "खड्डा बघा."

म्हणजे असं. नसलेली गोष्ट वजा केली की उरलेल्यात तिचा खड्डा पडतो, माणूस उठून गेल्यावर गादीवर दिसतो तसा. गौराई आली नसताना संगणक तिला काढत असेल, तर उरलेल्यात रोज तिच्या आकाराचा खड्डा दिसायला हवा होता. केतकीने एकेक दिवस तपासला.

खड्डा कुठेच नव्हता. उरलेलं सपाट होतं.

म्हणजे संगणक जे काढत होता, ते खरंच येत होतं. मग सर म्हणाले, "दुसऱ्या कुणीतरी त्याच बनावटीचं इंजिन घेतलं असेल. जाऊन बघू. पाहिल्याशिवाय नाव नाही." पुढचे चार दिवस भरतीच्या वेळेला आम्ही पाळीपाळीने धक्क्यावर जाऊन बसलो. यादीत आगमन लागलं. धक्क्यावर आम्हाला पाण्याशिवाय काही दिसलं नाही. एकदा मात्र वारा नसताना धक्क्याला लटकवलेला टायर हळूच दबला आणि सुटला, हे मी पाहिलं. वहीत लिहिलं नाही.

वनिताला काही सांगायचं नाही असं सरांनी बजावलं. मला ते पटलं नव्हतं, पण सांगायचं तरी काय?

०

आणि आता तो एक.

वनिताच्या भावाने शेवटी दिवस ठरवला. उद्या पुतळा करायचा. आदल्या दिवशी दुपारी ती कामावर आली, पदराला हात पुसत माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ताय, खरं सांगा. आमची यादीत हाय का?"

मी सरांकडे बघितलं. सरांनी मान खाली घातली.

"हाय," मी म्हटलं.

ती घाबरली नाही, रडलीही नाही. नुसतं "कवापासनं?" विचारलं. मी सांगितलं. सगळंच सांगितलं, टायरसकट. ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "आज काढू नका तिला. मना ऐकू द्या. ते हायत असं कळलं तर मी उद्याचं होऊ देनार न्हाय, भाऊ काय बोलायचा ते बोलू दे."

केतकी सरांकडे बघत होती. सर म्हणाले, "काढ तिचं नाव वजाबाकीतून. आजच्यापुरतं."

भरती त्या दिवशी सव्वाचारला होती. चार वाजता आम्ही स्पीकरवर थेट नोंद लावली. बाकी सगळं काढलेलं, समुद्र, फेरी, ट्रक, पंचवीस बोटी. फुसफूस. बाहेर टळटळीत ऊन, खाडी काठोकाठ भरलेली, धक्क्याच्या खांबावर एक बगळा. वनिताच्या हातात चहाची किटली होती.

चार वाजून बारा मिनिटांनी ते आलं. आधी फार लांबून, मग खाडीच्या तोंडाशी, मग वळणावर. टक टक टक टक, बारीक आवाजात, पण मलासुद्धा ओळखू आलं. केतकीने माझा दंड धरला. आम्ही तिघं खिडकीकडे बघत होतो. पाण्यावर काही नव्हतं. वनिता खिडकीकडे बघतच नव्हती. ती डोळे मिटून स्पीकरकडे कान करून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही येत चाललं होतं, की मला वाटलं आता ही पाटी उचलणार आणि पळत सुटणार.

इंजिन जवळ आलं. धक्क्याशी आलं. बंद झालं.

बगळा उडाला.

वनिता थोडा वेळ तशीच उभी राहिली, अजून काहीतरी यायचं आहे अशी. मग तिने डोळे उघडले. किटली टेबलावर ठेवली आणि कपाळावरचं कुंकू पदराने पुसलं.

"भावाला सांगते," ती म्हणाली. "उद्याचं करून घ्या."

सर म्हणाले, "अगं पण... ती गौराई नव्हती का?"

"गौराईच व्हती."

"मग?"

"आमचे हे धक्क्याला लागले की इंजिन तीनदा रेस करायचे, मंगच बंद करायचे. लगीन झाल्यापासनं. ते मना सांगनं असायचं, आलो म्हनून." तिने कप ओळीने मांडले आणि चहा ओतायला घेतला.

"बोट आमचीच हाय, सर. पन तिला चालवतो तो आमचा न्हाय."